पहिली रायफल कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पाठीवर साडेतीन किलोचं ओझं बांधा. घाटकोपर स्टेशनचा पूल धावत चढा, धावतच उतरा. असे पाच-सहा फेरे मारा आणि छाती भात्यासारखी हलत असतानाच फलाटावर उभं राहून सुईत दोरा ओवा. एक नव्हे, पाच सुया. जेवढे दोरे चुकतील तेवढे पुलाचे जादा फेरे. बायथलॉन नावाचा खेळ मी माझ्या बहिणीला असा समजावून सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे सकाळची आठची लोकल पकडायची आणि वर शिवणकाम करायचं. ते तर आम्ही रोज करतो."

बहिणीला समजावून सांगायची वेळ आली ती तिच्या मुलीमुळे. माझी भाची कॉलेजच्या क्रॉसकंट्री संघात धावते. हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धांचं प्रक्षेपण बघताना तिला हा खेळ दिसला आणि तिने तो मनात धरून ठेवला. बर्फावरून पट्ट्यांवर सरकत यायचं, पाठीवरची रायफल काढायची, पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या चकत्या पाडायच्या आणि पुन्हा निघायचं. झोपून मारायचं असेल तर आत टिपायचं वर्तुळ पंचेचाळीस मिलीमीटरचं, उभं राहून मारायचं असेल तर एकशे पंधरा मिलीमीटरचं. एक नेम चुकला की बहुतेक शर्यतींत दीडशे मीटरचा एक जादा वेढा. धावण्याचा दम मुलीत होताच. तिला पडलेला प्रश्न साधा होता, "मामू, ही बंदूक कितीला मिळते?"

मी कविता लिहिणारा माणूस. बंदूक माझ्या कवितेतही फारशी आलेली नाही. पण प्रश्न भाचीचा होता, म्हणून चार ठिकाणी चौकशी केली, जाणत्या माणसांना भेटलो, वरळीला जाऊन आलो. त्या चौकशीत जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो. असाच प्रश्न बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये कुणा आईबापांपुढे आज वाढून ठेवलेला असेल, याची मला खात्री आहे. खेळ बायथलॉन नसेल, साधी नेमबाजी असेल. प्रश्न तोच राहतो.

आधी त्या बर्फातल्या रायफलीविषयी. ती पॉइंट टू टू बोअरची, म्हणजे खऱ्या काडतुसाची असते. वजन साडेतीन किलोपेक्षा कमी चालत नाही. जर्मनीत उल्म नावाच्या गावी अनशुत्झ नावाचा कारखाना आहे. जगातले बहुसंख्य बायथलॉनपटू त्याचीच रायफल पाठीवर घेऊन फिरतात. थंडीने बोटं आखडलेली असताना नुसत्या बोटाच्या ओढीने आणि अंगठ्याच्या दाबाने पुढचं काडतूस चढावं, अशी तिची रचना असते. बनवणारे थोडे, घेणारे थोडे आणि काम घड्याळजीच्या तोडीचं, त्यामुळे किंमत आपल्या पैशांत तीन-चार लाखांच्या पुढेच. वर आपल्याकडे त्या बोअरच्या रायफलीला परवाना लागतो, परवान्याला वयाची एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि बाहेरून मागवायची तर आयातीची स्वतंत्र परवानगी. घाटकोपरच्या एका खोली-किचनमधल्या मुलीसाठी हा रस्ता पहिल्याच पावलाला बंद होतो.

पण ज्या देशांत हा खेळ गल्लोगल्ली आहे तिथली मुलं तरी पहिल्या दिवशी ही रायफल घेतात का? मला वाटलं होतं घेत असतील. तसं नाही. जर्मनीत लहान मुलं दहा मीटरवर छर्ऱ्याच्या रायफलीने सुरुवात करतात. नॉर्वेत लहान वयोगटाच्या पाठीवर रायफल देतच नाहीत. ती रेंजवर ठेवलेली असते, पोर येतं, नेम धरतं, रायफल जागेवर ठेवून पुढे पळतं. आणि ही रायफल बहुतेक वेळा क्लबची असते. म्हणजे जिथे लोकांच्या खिशात पैसा आहे, तिथेही पहिली रायफल कुणी विकत घेत नाही. हे कळलं तेव्हा माझ्या चौकशीचं तोंडच फिरलं. मी दुकानं शोधत होतो. शोधायला हवे होते ते रायफलींचे खण.

तरीही दुकानांचं जे कळलं ते सांगून टाकतो, कारण लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली बंदूक धरली ती जत्रेत. मी धरली माहीमच्या उरुसात. लाकडी फळीवर ओळीने फुगे, पाच छर्ऱ्यांचे इतके पैसे, आणि नळी मुद्दाम वाकवलेली असते अशी प्रत्येक पोराची ठाम समजूत. ती जी बंदूक, तिचंच सुधारलेलं, सरळ नळीचं रूप म्हणजे भारतीय बनावटीची स्प्रिंगची एअर रायफल. ती काही हजार रुपयांत मिळते. छर्रा साडेचार मिलीमीटरचा, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरचा असेल आणि नळीच्या तोंडाशी ताकद वीस ज्यूलच्या आत असेल, तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. परवाना लागत नाही याचा अर्थ ती खेळणं आहे असा नव्हे. तो छर्रा डोळा फोडू शकतो. घेताना पावती घ्यावी आणि जपून ठेवावी, एवढं सांगणं माझं काम.

या साध्या रायफलीने स्पर्धेत उतरता येतं का? येतं. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट एअर रायफल असा वेगळा प्रकार आहे. ओपन साइट म्हणजे पुढे एक काडी, मागे एक खाच, दोन्ही जुळवायच्या आणि चाप ओढायचा. महागड्या पीप साइटवाल्या रायफलींशी इथे सामना नाही. त्यातही स्प्रिंगच्या रायफलीचा एक गुण मला एका जुन्या प्रशिक्षकांनी सांगितला. चाप ओढल्यावर ती पुढेमागे हिसका देते. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत तुम्ही जराही सैल पडलात तर नेम गेलाच. म्हणून तिच्यावर शिकलेलं पोर पुढे चांगल्या रायफलीवर सहसा उधळत नाही. तबला शिकणाऱ्याला आधी पाटावर बोलवून घेतात ना, तसं.

त्याच्या वरच्या पायरीवर दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची रायफल येते. हिसका नाही, आवाज कमी, नेम अचूक. मुंबईच्या शेजारीच प्रेसिहोल नावाचा एक कारखाना आहे. मूळ धंदा लांब आणि खोल भोकं पाडणारी यंत्रं बनवण्याचा. बंदुकीची नळी म्हणजे तरी दुसरं काय, एक लांब, सरळ, अचूक भोक. त्यांनी पुढे स्वतःच एअर रायफली बनवायला घेतल्या आणि परदेशी रायफलीच्या किमतीच्या काही हिश्शात भारतीय मुलांना सिलिंडरची रायफल मिळू लागली. मला या गोष्टीचा फार आनंद झाला. आपल्या औद्योगिक वसाहतींमधून गेल्या तीस-चाळीस वर्षांत फक्त कारखाने बंद झाल्याच्याच बातम्या ऐकत आलोय आपण.

सर्वांत वर जर्मन आणि ऑस्ट्रियन रायफली. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर. दोन-तीन लाखांच्या घरातल्या. त्यांच्याशिवाय राष्ट्रीय पातळीवर निभाव लागणं कठीण, हे खरं आहे. कारण तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. पेन्सिलीने टेकवलेला पूर्णविराम दहा मीटरवरून. पण राष्ट्रीय पातळी हा पाचव्या वर्षाचा प्रश्न आहे, तो पहिल्या आठवड्यात सोडवायला जाऊ नये.

मधे एक गल्ली आहे, जुन्या रायफलींची. तिथे मात्र डोळे उघडे ठेवून शिरावं लागतं. सिलिंडरच्या रायफलीचा सिलिंडर दहा वर्षांत बाद होतो. तारीख त्याच्यावरच कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेतल्या तपासणीत चालत नाही आणि नवा घ्यायचा तर स्वस्तात मिळालेली रायफल एकदम महाग होऊन बसते. म्हणून जुनी रायफल बघायला गेलात तर रंग, लाकूड, कंपनी हे सगळं नंतर. आधी सिलिंडरची तारीख वाचा. उलट त्याहून जुन्या, बाजूच्या लिव्हरने हवा भरायच्या रायफली असतात. फाइनवेर्कबाऊची सहाशे क्रमांकाची मालिका त्यातली. तिला सिलिंडरच नाही, त्यामुळे मुदतही नाही, पंप नाही, भरून आणायची कटकट नाही. प्रत्येक नेमाला एकदा लिव्हर ओढायची. रबरी वॉशर बदलले की पुन्हा वीस वर्षं. नव्या मुलांना ती जुनाट वाटते. मला विचाराल तर नवशिक्याला तिच्यासारखी मैत्रीण नाही.

एवढं सगळं मी वहीत टिपून बहिणीकडे गेलो. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष किमतींकडे नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "पैशाचं बघू रे. पण रायफल घरात ठेवायची? आपल्या घरात?"

श्रोतेहो, हे वाक्य मी इथे सांगावं की नाही, याचा मी विचार केला. सांगतो. 11 जुलै 2006 ला आपल्या लोकलमध्ये स्फोट झाले. पुढे 2008 चा नोव्हेंबर आला. तेव्हापासून स्टेशनात लांबट बॅग दिसली की तपासली जाते आणि ती तपासली जायलाच हवी, कारण त्या गाडीत मीही असतो, माझी बहीणही असते. पण आमच्या घरात बॅग उघडल्यावर दुसरा प्रश्न नावाचा येतो, हे बहिणीला ठाऊक आहे. एअर रायफलीला परवाना लागत नाही हे कायद्याचं वाक्य, संध्याकाळी सहाच्या गर्दीत, एकोणीस वर्षांच्या मुलीने, हवालदाराला कुठल्या आवाजात सांगायचं? शेजारणी काय म्हणतील, सोसायटीत काय बोललं जाईल? बहिणीने यातलं काहीच बोलून दाखवलं नाही. "आपल्या घरात" या दोनच शब्दांत ते सगळं आलं. मी त्यावर कायद्याचं पुस्तक काढलं नाही. कायदा बरोबर होता, आणि तिची भीतीही खोटी नव्हती.

या दोन्ही अडचणींना, पैशाच्या आणि भीतीच्या, उत्तर एकच निघालं. रायफल घरात आणायचीच नाही.

दहा मीटरची रेंज काही मैदानाएवढी लागत नाही. एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, इमारतीच्या तळमजल्यावर ती मावते. आमच्या उपनगरात अशा एका रेंजवर मी भाचीबरोबर गेलो. एका भिंतीला लोखंडी कपाट, त्यात रायफली उभ्या, प्रत्येकीच्या दस्त्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक. चार नंबरच्या रायफलीच्या गालपट्टीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तिच्यावर पाच मुली शिकतात. पाचही जणींची उंची वेगळी, मान वेगळी, हात वेगळा. रायफल तर ज्याच्या त्याच्या अंगाला जुळवावी लागते. खांद्याला टेकणारा भाग किती बाहेर, गालपट्टी किती वर, साइटचे किती क्लिक डावीकडे, हे सगळं बदलतं. मग एका रायफलीवर पाच जणी कशा?

कपाटाच्या दाराला दोरीने एक वही बांधलेली होती. दोनशे पानी, शाळेची. त्यात प्रत्येकीचं पान. आलं की आपलं पान उघडायचं, त्याप्रमाणे स्क्रू फिरवायचे, साइटचे क्लिक मोजायचे. तास संपला की सगळं शून्यावर आणून ठेवायचं, म्हणजे पुढचीला पहिल्यापासून मोजता येतं. ज्या मुलीने शून्यावर आणलं नसेल, तिच्या पानावर पुढची लाल पेनाने एक फुली मारते. पाच फुल्या झाल्या की एका दिवसाचा नंबर गेला. हा नियम कुणा मोठ्या माणसाने केलेला नव्हता. मुलींनीच केला होता. मी ती वही बराच वेळ चाळली. आमच्या कवींच्या संस्थांमध्ये अशी एक वही बांधायला हवी, असंही मनात येऊन गेलं, पण ते असो.

वाटून घेतलेल्या रायफलीवर कुणी मोठं होतं का, अशी शंका तुम्हाला येईल. मला आली नाही, कारण मी स्वतः कॉलेजात एनसीसीत होतो. बी.ए.च्या वर्गात मागच्या बाकावर आणि फायरिंगच्या दिवशी पहिल्या रांगेत. सरकारी पॉइंट टू टू, पंचवीस यार्डांवर कागद, वाट्याला पाच गोळ्या. गोळ्या झाडल्यावर पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक कमी भरली तर सगळी तुकडी गवतात ओणवी. ती रायफल माझ्या आधी किती खांद्यांनी झेलली असेल कोण जाणे. पण त्या दिवशी माझ्या घरच्यांचा एक पैसाही खर्च झाला नव्हता आणि रायफल कुणाच्या घरी गेली नव्हती.

याच दरवाजातून अंजली भागवत आल्या. दादरच्या कीर्ती कॉलेजात त्या एनसीसीसाठी गेल्या, तिथून महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे वळल्या. 1988 साली, रायफल हातात घेतल्यापासून आठवड्याच्या आत त्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि महाराष्ट्राला रौप्यपदक मिळालं. पुढे 2000 साली सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. त्या असोसिएशनमध्ये संजय चक्रवर्ती नावाचे प्रशिक्षक होते. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या तिघी त्यांच्या हाताखाली तयार झाल्या आणि 2004 साली अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये तिघीही होत्या. चक्रवर्ती सर 2021 साली करोनाने गेले. द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेला हा माणूस. मुंबईतल्या किती लोकांना त्यांचं नाव माहीत आहे?

आणि हेही जरा आठवू या, की आपल्या देशातली नॅशनल रायफल असोसिएशन 1951 साली स्थापन झाली ती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने. लोकसभेचे पहिले अध्यक्ष. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलेला हा गृहस्थ. इंग्रजांच्या राज्यात बंदूक ही साहेबाची, संस्थानिकाची आणि शिकाऱ्याची. स्वतंत्र देशात नेमबाजी खेळ म्हणून सर्वसामान्य माणसाच्या हाती यावी, यासाठी अशा माणसाने संस्था काढावी याला काही अर्थ आहे. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवीन नेमबाजांना माहीत असते. आमच्या महाराष्ट्राच्या राज्य स्पर्धेला कॅप्टन इझिकेल यांचं नाव आहे. जिल्हा, राज्य, विभाग, राष्ट्र अशी ती पायऱ्यांची वाट आहे आणि पहिल्या पायरीवर कुणाचीही रायफल चालते. ती तुमच्या मालकीची आहे का, असं स्पर्धेत कुणी विचारत नाही.

आता स्वप्नील कुसाळेविषयी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी गाव. वडील शिक्षक. 2009 साली मुलगा सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथे नेमबाजीकडे वळला. पुढे स्वतःची रायफल घ्यायची वेळ आली तेव्हा वडिलांनी कर्ज काढलं. मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात त्याने 451.4 गुण करून कांस्यपदक घेतलं. सगळ्या महाराष्ट्राने पेढे खाल्ले. वर्तमानपत्रांनी वडिलांच्या कर्जाची गोष्ट मोठ्या कौतुकाने छापली.

ते कौतुक मलाही वाटलं. पण मला त्या गोष्टीतला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, जो छापताना दोन ओळींत उरकला गेला. कर्ज आलं ते नंतर. आधी प्रबोधिनी होती, तिथला प्रशिक्षक होता, तिथला सराव होता. मुलाचा नेम आहे हे कळल्यावर बापाने कर्ज काढलं. कळायच्या आधीच कर्ज काढावं लागलं असतं, तर किती बापांनी काढलं असतं? आणि काढूही नये. हे मी स्पष्ट बोलतो. मुलगी महिनाभर रेंजवर गेली आणि लगेच अडीच लाखांची रायफल घरात आली, अशी दोन घरं मी या चौकशीत पाहिली. दोन्ही रायफली आज माळ्यावर आहेत. एका घरात ती बॅग गादीखाली सपाट झाली आहे.

पदकानंतर राज्य सरकारने स्वप्नीलला एक कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. ते त्याच्या हक्काचं, त्यातल्या एका रुपयावरही माझं म्हणणं नाही. मी फक्त गणित मांडून बघितलं. अडीच लाखाला एक धरली तर एक कोटीत चाळीस चांगल्या रायफली येतात. एका रायफलीवर पाच मुली, दोनशे मुली. भारतीय बनावटीच्या घेतल्या तर याच्या कितीतरी पट. पदक आल्यावर जेवढं देतो तेवढंच पुन्हा एकदा पदक यायच्या आधी कपाटांसाठी दिलं, तर अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या महापालिकेच्या शाळांमध्ये दहा-दहा रायफलींचं एकेक लोखंडी कपाट उभं राहील. शाळेचे हॉल संध्याकाळी रिकामेच असतात. किल्ली मुख्याध्यापकांकडे, वही दाराला. यात न जमण्यासारखं काय आहे, हे मला कळलेलं नाही.

सरकारचं सरकार बघेल. तोवर माळ्यावरच्या रायफलींचं काय? ज्या घरातलं मूल आता इंजिनिअर होऊन बंगळुरूला किंवा टोरांटोला गेलं आहे आणि बॅग माळ्यावर राहिली आहे, त्या घराला माझी विनंती आहे. सिलिंडरची तारीख बघा, जवळच्या रेंजला फोन करा आणि रायफल वापरायला द्या. विकू नका म्हणत नाही, विकायची तर विका. पण माळ्यावर तिचे वॉशर सुकतात, स्प्रिंग गंजते आणि शेवटी ती भंगारवाल्यालाही नको होते.

रायफलीशिवायचा खर्चही सांगायला हवा, नाहीतर माझ्या भरवशावर कुणी निघेल आणि मधेच अडेल. छर्रे रोजचे लागतात. चांगल्या परदेशी छर्ऱ्यांचा पाचशेचा डबा हजार रुपयांच्या आगेमागे पडतो. स्पर्धेत साठ नेम असतात, सरावात रोज शंभर मारले तर डबा पाच दिवसांत संपतो. म्हणून सगळे शहाणे प्रशिक्षक अर्धा सराव छर्ऱ्यांशिवाय करून घेतात. रिकामी रायफल, पांढरी भिंत, भिंतीवर पेनाचा एक ठिपका. चाप ओढल्यावर नळी हलली की नाही एवढंच बघायचं. याला एक पैसा लागत नाही, फक्त कंटाळा यायची तयारी लागते. आमच्या भाचीला या भागात मजा वाटत नाही. तिला धावून येऊन नेम धरायचा असतो. प्रशिक्षकांनी तिच्याशी तडजोड केली आहे. शुक्रवारी तास संपत आला की तिला जिन्यावरून चार वेळा खालीवर पळायला सांगतात आणि मग पाच नेम देतात. जिने चढायच्या आधी तिचे छर्रे नऊ-दहाच्या आसपास लागतात, नंतर कागद वाचवला तरी पुष्कळ. हृदय धडधडत असताना दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधायची असते म्हणे. मी तिला म्हटलं, "आम्ही त्याला यती म्हणतो." तिने ऐकलं नाही, ती पुढचा छर्रा भरत होती.

मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे वार. चार नंबरची रायफल, वहीतलं तिसरं पान. बर्फ अजून दूर आहे आणि खऱ्या बायथलॉनची रायफल त्याहून दूर. आपल्या देशात तो खेळ मुख्यतः लष्कराच्या आणि निमलष्करी दलांच्या जवानांचा राहिला आहे, हेही तिला आता ठाऊक आहे. यंदा तिला जिल्हा स्पर्धेत उतरायचं आहे.

त्यासाठी जॅकेट हवं होतं. नेमबाजाचं जॅकेट म्हणजे जाड कॅनव्हास आणि चामडं, जवळजवळ उभं राहील असं कडक. नवीन घेणं परवडत नव्हतं. क्लबातल्या एका मोठ्या मुलीने आपलं जुनं दिलं, ते भाचीला दोन्ही काखांत सैल होतं. बहिणीने घरच्या मशीनवर घातलं तर पहिल्याच टाक्याला सुई मोडली. मग ते जॅकेट घेऊन ती स्वतः स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे गेली. जी बाई रायफलीचं नाव घरात काढू देत नव्हती, ती पदर खोचून त्याच्यासमोर बसली आणि समजावू लागली, की भाऊ, कापड दुमडून शिवू नकोस, दुमडलं तर जाडी अडीच मिलीमीटरच्या वर जाते आणि तपासणीला पोरीला परत पाठवतात. कापून कडेला कडा लावून शीव. मोच्याने जॅकेट उलटंपालटं केलं, चामड्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "बाई, आहे कशाचं हे?"

"नेमबाजीचं," बहीण म्हणाली, "मुलगी रायफल चालवते."

त्याने दोन दिवस मागून घेतले आणि दीडशे रुपये सांगितले. बहिणीने एकशे वीस दिले.